अकरा मिनिटांचे चौदा सेकंद

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
५ फेब्रुवारी

ती. अक्का,

त्या दिवशी नळ सव्वासहाला आला. आमच्या गल्लीत तो सहाव्या दिवशी येतो आणि तासाभरात जातो, त्यामुळं पाण्याच्या दिवशी माझं सगळं ठरलेलं असतं. आधी पिण्याचा हंडा, मग स्वयंपाकघरातलं पिंप, मग न्हाणीतल्या चार बादल्या, आणि तोवर धार बारीक झाली नसेल तर अंगणातली टाकी. पाइप पिंपात सोडून मी कणीक मळायला घेतली होती. तुमच्या भावानं सहालाच कॉम्प्युटरचं बटण दाबून ठेवलं होतं. तो सुरू व्हायला अकरा मिनिटं लागत, म्हणून बटण दाबून दाढी करायची, चहा घ्यायचा आणि मग खुर्चीत बसायचं, अशी त्यांची पद्धत. बसले आणि म्हणाले, एवढं एक प्रूफ बघ. मी दारातनंच पाहिलं. पडद्यावर काळी चौकट होती आणि वरती त्यांचाच फोटो होता. मी म्हणाले, पाणी गेलं तर पुढचे सहा दिवस तुम्ही आणून देणार का? ते म्हणाले, नावं तेवढी बघायची होती. मी पाइप टाकीत घालायला गेले.

(नमस्कार राहिला. सव्वीस वर्षं लोकांच्या पत्रिकांत नमस्कार जागेवर आहे का ते तपासलं आणि स्वतःच्या पत्रात विसरले. तर साष्टांग नमस्कार. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. काळा चष्मा काढू नका, थेंब वेळेवर घाला, आणि चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, उभ्या राहू नका. प्रेरणा सूनबाई करते आहे ते गोड मानून खा. गुडघे कसे आहेत? माझे होते तसेच. मी बरी आहे. बरी नाही, पण पत्रात तसंच लिहितात.)

डोळ्यांमुळं हे पत्र तुम्हाला ऋतुराजच वाचून दाखवणार हे मी धरून चालले आहे. म्हणून आधी त्यालाच सांगते : बाबा, ओळ गाळू नकोस. पानांना आकडे घातले आहेत. मोठ्यानं वाचताना माणूस ओळ कुठं गाळतो हे मला चांगलं माहीत आहे. जिथं स्वतःचं नाव येतं तिथं. आणि अक्का, तो मध्येच थांबला, खाकरला, की समजायचं मामीनं काहीतरी लिहिलंय. फोन का केला नाही असं विचाराल. केला. तुम्ही म्हणालात ऐकू येत नाही, आणि ऋतुराज म्हणाला, मामी, मीटिंगमध्ये आहे. ती मीटिंग चार दिवस चालली. एवढा वेळ लग्न ठरवायलासुद्धा लागत नाही.

गोष्ट अशी आहे की मला ते प्रूफ आता वाचायचं आहे. ज्याच्याकडं त्या दिवशी पाठ फिरवली तेच. आणि ऋतुराजनं आमचा कॉम्प्युटर इतका वेगवान करून दिला आहे की ते वाचता येत नाही.

तुमच्या भावाचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही लग्न होऊन लांब गेलात, त्यामुळं तो चालायचा कसा ते पाहिलेलं नाही. लग्नाच्या पत्रिका, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या, आणि दशक्रियेच्या नि वर्षश्राद्धाच्या. पुढच्या खोलीत ते मजकूर लावायचे, मी स्वयंपाकघरातनं हात पुसत येऊन प्रूफ वाचायचे, आणि मग कागद गुलमंडीला सरदारभाईंच्या छापखान्यात जायचा. मी चार यत्ता शिकलेली बाई. खरं वाचायला शिकले ते याच खोलीत, दुसऱ्यांच्या घरची नावं वाचून. पहिल्या वर्षी मी फक्त नावं बघायची, कारण भांडणं नावांवरनं होतात. धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्याच्या वर गेलं की पाचशे पत्रिका परत येतात. पुढं पुढं मजकूरही बघायला लागले. मग वाचनालयातली पुस्तकं आणली, आणि तीही प्रूफासारखीच वाचली, पेन्सिल हातात धरून (वाचनालयाच्या बाईंनी एकदा दंड केला). एक गोष्ट मी पहिल्या वर्षापासून बघत आले. माणूस गेला की पत्रिकेत खाली मुलगे, भाऊ, पुतणे, भाचे, जावई, सगळ्यांची नावं येतात. बायको कुठंतरी 'समस्त परिवार' मध्ये असते. मी यांना म्हणायची, गेला कुणाचा? ते म्हणायचे, गिऱ्हाइकानं दिलं तसं लावायचं.

आता कॉम्प्युटर. त्याला अकरा मिनिटं लागायची हे खरं आहे, आणि का लागायची हे मी ऋतुराजला सांगायचा प्रयत्न केला होता. यांना कुठलीही गोष्ट शोधायला लागू नये असं वाटायचं, म्हणून जे जे म्हणून होतं ते सगळं मशीन उठल्याबरोबर आपणहून उठावं अशी त्यांनी सोय केली होती. आधी पंचांग उघडायचं. मग वाढदिवसांची आठवण करून देणारं काहीतरी (त्यात तुमचा वाढदिवस चुकीचा होता, पण तुम्ही कधी बोलला नाहीत). मग सहा देशांची घड्याळं, कारण माझा एक मावसभाऊ दोन वर्षं दुबईला होता. तो परत येऊन नऊ वर्षं झाली, घड्याळ चालूच. मग विषाणू पकडणारा एक पहारेकरी, ज्याची मुदत कधीच संपली होती आणि जो रोज सकाळी तेवढंच सांगायला यायचा. मग भंगारात दिलेल्या प्रिंटरचा माणूस, प्रिंटर सापडत नाही म्हणून. आणि सगळ्यात शेवटी फॉन्ट. मराठी अक्षरांचे अकराशे चाळीस फॉन्ट त्यात होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं आपल्या पोरीच्या पत्रिकेचं अक्षर गल्लीत कुणाचं नसावं. मग हे कुठनं कुठनं फॉन्ट जमवायचे आणि एकदा घातलेला काढायचे नाहीत. मशीन सुरू होताना ते अकराशे चाळीस जण एकेक करून हजेरी द्यायचे. तोवर माझी भाजी फोडणीला पडलेली असायची.

प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला ऋतुराज, प्रेरणा आणि शिवम आले ते तुम्हाला माहीतच आहे. आले होते पैठणला, प्रेरणाला पैठणी बघायची होती. वाटेवर मी पडते. (वाटेवर नसते पडले तर, हे मी लिहीत नाही.) रात्र राहिले. सकाळी मी सवयीनं बटण दाबलं आणि कुकर लावायला गेले. ऋतुराज खुर्चीत बसून बघत राहिला. जरा वेळानं त्याचा आवाज आला.

"मामी, हे काय आहे? एवढ्यात चहा करून होईल."

"होतोच," मी म्हणाले.

त्याला ते लागलं. पुण्याला तो दिवसभर असली मशीनंच सांभाळतो, आणि मामाच्या घरी असं मशीन म्हणजे त्याच्या हुद्द्याला धक्का होता. पैठण राहिलं बाजूला. प्रेरणा आणि शिवम एसटीनं गेले. हा बाजारात जाऊन एक नवी डिस्क घेऊन आला. काड्याच्या पेटीपेक्षा थोडी मोठी, वजनाला काहीच नाही. मला म्हणाला, मामी, जुनी डिस्क आत चाकासारखी फिरते, म्हणून हळू. ही फिरतच नाही. मी म्हणाले, न फिरता काम करते तर माझ्या ओळखीतल्या बऱ्याच माणसांपेक्षा बरी आहे. तो हसला नाही. त्यानं पेटीचं झाकण उघडलं, आतली धूळ पाहून एक शब्द बोलला जो मी इथं लिहीत नाही, जुनी डिस्क काढली, नवी बसवली, तिच्यावर सगळं पहिल्यापासून नवं घातलं, मामाच्या फायली तेवढ्या उचलून आणल्या आणि बाकी सगळं बाहेर ठेवलं. दुपारचं जेवण त्यानं तिथंच केलं, भाकरी डाव्या हातात धरून. मी विचारलं, फॉन्ट? तो म्हणाला, मामी, तेच तर मशीन खात होते, आता मोबाइलवर येतं तसं मराठी आपोआप येतं, त्या जुन्या फॉन्टची कुणाला गरज नाही. मी आणखी काही बोलणार तोवर त्यानं मोबाइलवर घड्याळ लावलं आणि बटण दाबलं. चौदा सेकंद. त्यानं मला ते आकडे दाखवले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, लहानपणी शाळेत नंबर आला की बघायचा तसा. मी म्हणाले, छान. मला तेव्हा ते खरंच छान वाटलं होतं, अक्का. सांगायला लाज वाटते, पण अकरा महिने रोज ती अकरा मिनिटं मी त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत काढत होते. वाटलं, सुटले.

जुनी डिस्क तो घेऊन गेला. म्हणाला, शिवमची कार्टून ठेवायला होईल.

चार दिवसांनी त्यानं आपल्या नात्यातल्या मोबाइलच्या ग्रुपवर कार्ड टाकलं. प्रथम पुण्यस्मरण. तुम्हाला दिसलं नसणार, म्हणून सांगते. फोटो कुणाच्या तरी लग्नातला आहे, यांच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे आणि त्या हाताचा माणूस कापून टाकला आहे. तारीख सहा मार्च. अहो, गेल्या वर्षी सहा मार्चला गेले हे बरोबर, पण वर्षश्राद्ध तिथीनं असतं. फाल्गुन शुद्ध सप्तमी या वर्षी चोवीस फेब्रुवारीला येते. पंचांग उघडून बघायला हवं होतं. (ते त्यानं काढून टाकलं. सुरू व्हायला वेळ लागत होता.) आणि खाली 'निमंत्रक : ऋतुराज व समस्त परिवार'. एवढंच. मी ते कार्ड तीनदा वाचलं, नेहमी वाचते तसं, एकदा मजकुरासाठी, एकदा आकड्यांसाठी आणि एकदा नावांसाठी. ग्रुपवर बत्तीस जणांनी हात जोडले. मीसुद्धा जोडले, कारण नाही जोडले तर दिसतं.

तेव्हा मला ते प्रूफ आठवलं. म्हणजे विसरले कधीच नव्हते, पण अकरा महिने ते मी उघडलं नव्हतं. डायलिसिसला आठवड्यातनं तीनदा जायचे तेव्हा यांना कळलंच होतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. त्या दिवसानंतर त्यांनी आणखी दोनदा प्रूफ पुढं केलं. एकदा मी म्हणाले, असलं अभद्र घरात आणू नका, आणि एकदा उठून गेले. सव्वीस वर्षांत या घरातनं बाहेर गेलेलं प्रत्येक प्रूफ मी वाचलं आहे. ते एवढं एक सोडून. मला वाटायचं, मशीनमध्ये आहे, कुठं जातंय. आणि ऋतुराजचं कार्ड आलं तेव्हा वाटलं, यांनी स्वतःच्या हातानं लावलेली पत्रिका घरात असताना ही कशाला छापायची? आणि, खोटं कशाला बोलू, यांनी खाली कुणाची नावं घातली ते मला बघायचं होतं. नावं तेवढी बघ, असं म्हणाले होते.

मशीन सुरू केलं. चौदा सेकंद. फाइल उघडली. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि खाली एकच बटण दिलं, ते मी दाबलं. चौकट आली. फोटो आला. दिवा आला. आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा, स्वल्पविरामांचा, टक्क्यांच्या खुणांचा आणि कंसांचा एक ढीग आला. यांचा मजकूर ज्या फॉन्टात होता तो फॉन्ट गेला, आणि फॉन्ट गेला की आपलं मराठी असंच दिसतं, कुणीतरी डोळे मिटून बुक्क्या मारल्यासारखं. दुसऱ्या फायली उघडल्या. सगळ्या तशाच. सव्वीस वर्षांतल्या सगळ्या नवऱ्या, सगळे नवरदेव, सगळे गेलेले, सगळ्यांचा तोच ढीग. कोण लग्नातलं आणि कोण श्राद्धातलं हे फक्त चौकटीच्या रंगावरनं कळत होतं.

ऋतुराजला फोन केला (मीटिंग). पाचव्या दिवशी लागला. मी म्हणाले, ती जुनी डिस्क पाठव. तो म्हणाला, मामी, ती तर मी पुसली, तिच्यावर शिवमची कार्टून टाकली. मग म्हणाला, महत्त्वाचं काही होतं का? मी म्हणाले, नाही. अक्का, हे का म्हणाले ते मला माहीत नाही. माणसानं असं विचारलं की आपण नाही म्हणतो.

काल गुलमंडीला गेले. सरदारभाई तुम्हाला आठवत असतील. यांच्या दिवसांत रोज येऊन व्हरांड्यात बसायचे, आत यायचे नाहीत. आता छापखाना त्यांचा पुतण्या हारिस बघतो. मी विचारलं, जुना फॉन्ट आहे का. सरदारभाईंनी हारिसला विचारलं, हारिस म्हणाला, चाची, जुनं मशीन भंगारात गेलं, हमारा भी सब नया हो गया. आणि असतं तरी उपयोग नव्हता. विकतच्या फॉन्टात जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायची म्हणून यांनी दोन वर्षं खपून स्वतःपुरता एक फॉन्ट नीट केला होता, कळांच्या जागाही आपल्या बोटांच्या सोयीनं बदलल्या होत्या. तसा दुसरा या गावात नाही. हारिसनं चहा सांगितला. मी पेनड्राइव्हमधली फाइल त्याच्या पडद्यावर दाखवली, तोच ढीग. सरदारभाईंनी चष्मा कपाळावर घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाले, "भाभी, हर्फ गये तो गये. बटन तो वहीच है ना." (हर्फ म्हणजे अक्षरं.) मी म्हणाले, हो. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं, तसं बोलले असतील. चहा पिऊन घरी आले.

तर असं आहे. काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. डोळ्यांना जपा. शिवमला आशीर्वाद, त्याची कार्टून छान चालत असतील. मशीन उत्तम आहे, तसं ऋतुराजला जरूर सांगा. म्हणजे त्याला वाचतानाच कळेल.

तुमची भावजय,
मनकर्णा

ता. क. : काही मागायचं नाही असं वर लिहिलं ते खोडत नाही, पण ऋतुराजला एवढं सांगा की ते कार्ड छापायला देऊ नकोस. ग्रुपवर गेलं ते गेलं. कागदावर जाऊ देऊ नका. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. मी सांगितलं तर मामीला राग आला असं होतं, आणि मग सगळे मला समजावायला फोन करतात.

ता. क. (६ फेब्रुवारी) : पाकीट डकवायचं होतं, पण डिंक वाळला होता, म्हणून राहिलं. बरं झालं. सकाळी पुन्हा ती फाइल उघडून बसले होते, काही करायचं म्हणून नाही, नुसतीच. डावा हात कळांवर होता. पडद्यावर इंग्रजी डी दिसला आणि माझं बोट आपणहून डीवर गेलं. डी दाबला की यांच्या फॉन्टात क उमटायचा. मला इंग्रजी येत नाही, अक्का. पण शेवटचं वर्षभर यांच्या हाताला सुया टोचून सूज असायची, म्हणून ते खुर्चीमागं उभे राहून सांगायचे आणि टाइप मी करायचे; स्वतःची पत्रिका तेवढी त्यांनी सुजल्या हातानं एकट्यानं लावली. कुठल्या कळेखाली कुठलं अक्षर राहतं हे मला पाठ नाही, बोटांना पाठ आहे. मग मी असं केलं. पडद्यावरचं एक अक्षर बघायचं, तीच कळ दाबायची, बोट काय म्हणतं ते कागदावर लिहायचं. पहिली ओळ लागायला पाऊण तास गेला. 'प्रथम वर्षश्राद्ध' एवढीच ओळ. म्हणजे मशीन आता चौदा सेकंदांत सुरू होतं आणि एक पान वाचायला दोन दिवस लागतात. ऋतुराजला म्हणावं, सरासरी काढ.

ता. क. (७ फेब्रुवारी, दुपार) : झालं. अकरा ओळी आणि खाली नावं. तुम्हाला सगळं सांगते, कारण तुमचाही भाऊ होता.

वर यांचं नाव, जन्मगाव, सगळं बरोबर. तिथीची जागा मोकळी सोडली आहे. ती त्यांना तरी कुठनं कळणार. मग मजकूर सुरू होतो, 'आमचे तीर्थरूप कै. पुंजाराम'. मी म्हटलं बोट चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा पुंजाराम. मग आठवलं. पुंजाराम म्हणजे पैठणकडचे एक गृहस्थ, त्यांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका यांनी आदल्याच महिन्यात लावली होती; तीन मुलगे येऊन नावांच्या क्रमावरनं आमच्या ओसरीवर भांडून गेले होते. नवी पत्रिका करताना हे कधीच कोऱ्या पानापासून सुरू करायचे नाहीत. मागच्या गिऱ्हाइकाची उघडायची आणि तिच्यावर नवी नावं चढवायची. स्वतःची पण तशीच केली. आणि मध्ये एक नाव बदलायचं राहिलं. असल्या चुका धरायलाच मी होते. आणि मी त्या दिवशी पाणी भरत होते.

खालच्या नावांपाशी पोचले तेव्हा काल दिवेलागण झाली होती. पहिल्या नावात ई, यू, डी अशी तीन अक्षरं लागोपाठ दिसली. ती मला बोट लावून वाचावी लागली नाहीत. ई म्हणजे म, यू म्हणजे न, डी म्हणजे क. तेवढं एक त्यांनी बदललेलं होतं. त्याच्या खाली पुंजारामचे तिन्ही मुलगे, दोन सुना, आणि नातवंडं, तशीच्या तशी. आम्हाला मूल नाही हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं ते मी मोजलेलं नाही. आता बघा, एका पानात तीन मुलगे झाले.

तर आता खरं मागणं. पहिलं नाव माझं राहील, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसरं तुमचं. ऋतुराजचं तिसरं. त्याला सांगा, भाचा तिसराच येतो. सव्वीस वर्षं मी क्रम लावले आहेत, कुणीही आणा आणि विचारा. तुमचं नाव माहेरचं घालू की सासरचं, ते कळवा. फोनवर नको, लिहून कळवा. प्रेरणाला सांगून लिहवा. आणि तिथीच्या आठ दिवस आधी या. डोळ्याचं निमित्त सांगू नका, औषध मी घालीन. मजकूर हारिसच्या नव्या मशीनवर नव्या अक्षरांत लावून मिळेल असं तो म्हणाला आहे.

ता. क. (८ फेब्रुवारी) : ऋतुराज, हे तू तुझ्यापुरतं वाचलंस तरी चालेल. मशीन खरंच चांगलं केलंस. मला राग तुझा नव्हता, अर्धा तरी नव्हता.

आज सकाळी मी कागद समोर घेतला, लाल पेनानं पुंजाराम खोडलं आणि समासात यांचं नाव लिहिलं, रामकिसन.